‘रिपोर्ट मर्यादेत आहे’ म्हणजे नेमकं काय? रेयॉन कारखान्यातला कार्बन डायसल्फाइड आणि त्याचं मोजमाप

रेयॉन किंवा व्हिस्कोजचं काही ना काही आपल्या प्रत्येकाच्या कपाटात असतंच. कुर्ती, साडी, ब्लाउजचं अस्तर. अंगाला गार लागणारं, सुळसुळीत, छान पडणारं कापड. ते झाडाच्या लगद्यापासून बनतं, म्हणून दुकानदार ‘नॅचरल’ म्हणूनही विकतो. लगदा झाडाचाच असतो, ते खरं आहे. पण त्या लगद्याचा धागा करायचा तर मध्ये एक रसायन लागतं, कार्बन डायसल्फाइड. कापड धुऊन, वाळवून आपल्यापर्यंत येतं तोवर ते त्यात उरलेलं नसतं, त्यामुळे कपडे वापरणाऱ्याने घाबरायचं काही कारण नाही. ते कारखान्याच्या हवेत निसटतं आणि धागा काढणाऱ्या माणसाच्या श्वासात जातं.

कल्याणजवळच्या शहाड आणि मोहने या दोन्ही ठिकाणी रेयॉनचे मोठे कारखाने उभे राहिले. मोहन्याचा बंद पडला, शहाडचा चालू आहे. मध्य प्रदेशातल्या नागद्यात याच पद्धतीने व्हिस्कोजचे तंतू बनतात. या कारखान्यांवर कित्येक मराठी घरांच्या दोन-दोन पिढ्या जगल्या. त्यामुळे या रसायनाबद्दल आपल्या भाषेत नीट लिहिलं गेलं पाहिजे असं मला वाटतं. विशेषतः हवेची तपासणी झाली, रिपोर्ट मर्यादेत आला, असं कामगाराला सांगितलं जातं तेव्हा त्या वाक्यात काय असतं आणि काय राहून जातं, याबद्दल.

धागा बनतो कसा, आणि वायू सुटतो कुठे

लाकडाच्या लगद्याचे जाड ताव कॉस्टिक सोड्यात भिजवतात, पिळतात, त्यांचा भुगा करतात आणि काही काळ मुरू देतात. मग तो भुगा एका बंद पिंपात घालून त्यात कार्बन डायसल्फाइड सोडतात. या पिंपाला चर्न म्हणतात. भुग्याचा रंग पांढऱ्याचा नारिंगी होतो. तो पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवला की दाट, चिकट द्राव मिळतो, तोच व्हिस्कोज. हा द्राव बारीक भोकांच्या तोटीतून सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत दाबून सोडतात. आम्ल लागताच द्रावाचा पुन्हा सेल्युलोज होतो, म्हणजेच धागा. आणि लगद्याशी जोडला गेलेला कार्बन डायसल्फाइड मोकळा होऊन हवेत येतो. त्याच्याबरोबर हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. तोही विषारीच.

म्हणजे धोक्याच्या जागा मुख्यतः दोन. एक चर्न, तो उघडताना आणि आतून साफ करताना. दुसरी स्पिनिंग खातं, जिथे हा वायू रात्रंदिवस सुटत असतो. स्पिनिंग मशीनला सरकत्या काचांची खिडकी असते आणि आतली हवा वरच्या नळातून ओढून घेतली जाते. खिडकी बंद आहे तोवर बरं चाललेलं असतं. पण धागा तुटतो. धागा तुटला की कामगाराने खिडकी उघडायची, वाकायचं, हात आणि बरेचदा डोकंही आत घालायचं, टोक पकडायचं आणि पुन्हा लावायचं. त्या दोन-चार मिनिटांत तो खात्यातल्या सर्वांत वाईट हवेत श्वास घेत असतो. पाळीभर किती धागे तुटले यावर त्याच्या शरीरात किती विष गेलं हे बरंचसं ठरतं. पुढे मोजमापाबद्दल जे सांगणार आहे, ते सगळं या खिडकीपाशी येऊन थांबतं.

कार्बन डायसल्फाइड ४६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे उघड्यावर ठेवला तर भराभर उडून जातो. त्याची वाफ हवेपेक्षा अडीच पटीहून जड असते, म्हणून ती वर न जाता खड्ड्यात, गटारात, तळघरात साचते. ठिणगी मिळाली तर शून्याखाली ३० अंशालाही ती पेट घेऊ शकते. आणि ठिणगी नसली तरी ९० अंशांच्या आसपास तापलेला पृष्ठभाग पुरतो, म्हणजे वाफेचा उघडा पाइपसुद्धा. म्हणून हे द्रव टाकीत पाण्याच्या थराखाली साठवतात. ते पाण्यापेक्षा जड आहे आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाणी वर राहतं आणि हवेशी संबंध तुटतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या कारखान्यात या रसायनाच्या टँकरचा स्फोट झाला आणि त्यात माणसं गेली, तेव्हा त्याचं नाव काही दिवस वर्तमानपत्रांत होतं. वर्षानुवर्षं थोडाथोडा श्वासातून जाणारा वायू मात्र बातमीत येत नाही, म्हणून या लेखात त्याच्याबद्दलच लिहितो आहे.

शरीरात काय होतं

या विषाची नोंद रेयॉनच्याही आधीची आहे. रबर टिकाऊ करण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कार्बन डायसल्फाइड वापरत. १८५६ मध्ये पॅरिसच्या ऑग्युस्त देल्पेश या डॉक्टरने अशा कामगारांचा आजार लिहून ठेवला: डोकेदुखी, हातापायांतली ताकद जाणं, झोपेत भयंकर स्वप्नं, चिडचिड, विसराळूपणा, लैंगिक दुर्बलता. पुढे इंग्लंडमध्ये थॉमस ऑलिव्हर या डॉक्टरांनी १९०२ मध्ये असं नोंदवलं की काही रबर कारखान्यांच्या खिडक्यांना गज बसवले होते. कामगार भ्रमाच्या भरात बाहेर उडी मारत, म्हणून. मालकांनी गज बसवले, हवा तशीच ठेवली.

आज इतक्या तीव्र विषबाधा क्वचित होतात. कमी प्रमाणात, पण वर्षानुवर्षं होणारा परिणाम वेगळा दिसतो, आणि तो ओळखणं फार अवघड जातं.

हा वायू रक्तात गेला की प्रथिनांना चिकटतो आणि शेजारशेजारच्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतो. मज्जातंतूंच्या आत लांब प्रथिनांचे दोर असतात. ते असे बांधले गेले की त्यांची गाठोडी होतात, तंतू जागोजागी फुगतो आणि त्याचं टोक मरू लागतं. सर्वांत लांब तंतू पायात जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. मुंग्या येणं, बधिरपणा, पोटऱ्यांत दुखणं, चप्पल पायातून निसटलेली न कळणं. नंतर हात.

आता आपल्याकडे पन्नाशीच्या माणसाने डॉक्टरला सांगितलं की पायाला मुंग्या येतात, तर पहिल्यांदा साखर तपासली जाते आणि बी-१२ च्या गोळ्या मिळतात. दारू पिणारा असेल तर दारूवर खापर फुटतं. हे सगळं तपासायलाच हवं. मधुमेह आहे म्हणजे कार्बन डायसल्फाइड नाही असंही नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. पण ‘तुम्ही कोणत्या खात्यात काम करता’ हा प्रश्न विचारलाच गेला नाही तर निदान कधीच त्या दिशेला जाणार नाही.

मेंदूवरचा परिणाम आणखी निसटता आहे. झोप लागत नाही, मन लागत नाही, राग अनावर होतो, विसरायला होतं. घरचे म्हणतात टेन्शन आहे, शिफ्टची ड्युटी आहे. जास्त संपर्क झालेल्यांत हातांचा कंप, चालण्यातला ताठरपणा, म्हणजे पार्किन्सनसारखी लक्षणं आढळली आहेत. जपानमधल्या रेयॉन कामगारांच्या डोळ्यांच्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्यांना फुगवटे दिसले. स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत.

आणि मग हृदय. १९६८ मध्ये वेल्समधल्या रेयॉन कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गावातल्या इतर पुरुषांपेक्षा, आणि त्याच कारखान्यात दुसऱ्या खात्यांत काम करणाऱ्यांपेक्षाही, व्हिस्कोजच्या प्रक्रियेवर काम करणारे हृदयविकाराने जास्त मरत होते. हा शोध लागायला इतका वेळ का लागला? कारण हृदयविकार सगळ्यांनाच होतो. बधिर पाय निदान विचित्र तरी वाटतात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आलेला हार्ट अटॅक कुणालाच विचित्र वाटत नाही. तंबाखू, तेलकट खाणं, वडिलांनाही होता, अशी कारणं तयारच असतात. एकेका माणसाकडे बघून हे कळणारच नाही. शेकडो माणसांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात. म्हणून नोंदी हव्यात.

फिनलंडने काय केलं

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती फिनलंडची गोष्ट. स्वेन हर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ३४३ व्हिस्कोज कामगारांची यादी केली आणि तुलनेसाठी त्याच भागातल्या कागद गिरणीतले ३४३ कामगार घेतले. १९६७ पासून दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. पहिल्या पाच वर्षांतच दिसलं की व्हिस्कोज कामगारांत हृदयविकाराचे मृत्यू जवळपास पाचपट आहेत.

यानंतर त्यांनी फक्त लेख लिहिला नाही. कारखान्यातल्या हवेची मर्यादा १० पीपीएमवर आणली गेली आणि हृदयाचा धोका असलेल्या कामगारांना त्या हवेतून काढून दुसऱ्या कामावर नेलं गेलं. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. त्याच कामगारांवर पुढची वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा तो जादा धोका हळूहळू कमी होत नाहीसा झाला. म्हणजे हृदयावरचा हा परिणाम वेळीच हवा बदलली तर मागे फिरू शकतो. मोजलं, आणि मोजल्यावर काही केलं, तर माणसं वाचतात, याचा इतका स्वच्छ पुरावा औद्योगिक आरोग्यात फार कमी ठिकाणी मिळतो.

याच्या उलट दक्षिण कोरियातलं वोनजिन रेयॉन. जपानमधली वापरलेली यंत्रं आणून १९६०च्या दशकात सेऊलजवळ हा कारखाना उभा राहिला. कामगारांचे हातपाय लुळे पडत होते, बोलणं अडखळत होतं, आणि कित्येक वर्षं ते वेगवेगळ्या दवाखान्यांत वेगवेगळी निदानं घेऊन फिरत होते. १९८८ मध्ये प्रकरण बाहेर आलं. १९९३ मध्ये कारखाना बंद झाला. बाधित म्हणून मान्यता मिळालेल्यांची संख्या पुढे नऊशेच्या वर गेली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं निदान कारखाना बंद झाल्यावर झालं. त्यांच्या लढ्यातून सेऊलमध्ये एक रुग्णालय उभं राहिलं, ते आजही कामगारांसाठी चालतं. यंत्रं मात्र भंगारात गेली नाहीत. ती चीनमधल्या दानदोंगला विकली गेली.

हवा मोजायची कुठे

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कार्बन डायसल्फाइडची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे एका घनमीटर हवेत ३० मिलिग्रॅम, अशी होती. ही आठ तासांची सरासरी. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला. पण रिपोर्टवर अजूनही तुम्हाला हाच १० चा आकडा दिसण्याची शक्यता जास्त. युरोपीय संघात मर्यादा ५ पीपीएम आहे. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना आणि तिथली सरकारी संशोधन संस्था दोघीही १ पीपीएम सुचवतात. अमेरिकेचा कायदेशीर आकडा मात्र अजून २० आहे, अर्धशतकापूर्वीचा. म्हणजे ‘मर्यादेत आहे’ असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुणाच्या मर्यादेत?

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोजलं कुठे.

बऱ्याच खात्यांत भिंतीवर किंवा खांबावर गॅस डिटेक्टर असतो. तो हवाच. गळती झाली, आगीचा धोका निर्माण झाला, की तो किंचाळतो आणि लोक बाहेर पळतात. पण कामगाराच्या श्वासात किती गेलं हे तो सांगू शकत नाही. मिरचीच्या फोडणीचा ठसका गॅसपाशी उभ्या असलेल्याला लागतो, हॉलमध्ये पेपर वाचणाऱ्याला नाही. खांबावरचा डिटेक्टर हॉलमध्ये बसलेला आहे.

म्हणून खरं मोजमाप कामगाराच्या अंगावर करतात. कमरेच्या पट्ट्याला एक छोटा पंप लावतात. त्यातून एक नळी वर येते आणि कॉलरपाशी, नाकाच्या वीतभर अंतरात, बोटाएवढी काचेची नळी अडकवतात. तिच्यात कोळशाचे बारीक कण असतात. पंप पाळीभर अगदी मंद गतीने हवा ओढत राहतो आणि कार्बन डायसल्फाइड कोळशात अडकत जातो. संध्याकाळी नळी बंद करून प्रयोगशाळेत पाठवतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रावर किती मिलिग्रॅम सापडला ते बघतात. एकूण किती लिटर हवा ओढली ते माहीत असतं, त्यावरून सरासरी निघते.

ऐकायला सोपं आहे, पण यात चुका व्हायला भरपूर जागा आहे. स्पिनिंग खात्याची हवा दमट असते, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. कोळसा पाणीही धरतो, मग कार्बन डायसल्फाइडला जागा उरत नाही. म्हणून कोळशाच्या नळीआधी ओलावा शोषणारी सोडियम सल्फेटची नळी जोडावी लागते. ती नसेल तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. पंपाची गती पाळीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासलेली असली पाहिजे. नळीत कोळशाचे दोन भाग असतात, पुढचा आणि मागचा. मागच्या भागात पुढच्याच्या एक दशांशापेक्षा जास्त सापडलं, तर पुढचा भाग भरून वायू पुढे निसटला असं समजायचं आणि तो नमुना विश्वासाचा मानायचा नाही. चांगल्या रिपोर्टात हे सगळं लिहिलेलं असतं. नुसता एक आकडा आणि शिक्का असेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे.

आता एक हिशोब करून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. एक कामगार आठ तासांच्या पाळीत एकूण दोन तास उघड्या खिडकीपाशी असतो आणि तिथे ४० पीपीएम आहे. उरलेले सहा तास तो खात्यात फिरतो, तिथे ३ पीपीएम आहे. दोन गुणिले चाळीस म्हणजे ८०, सहा गुणिले तीन म्हणजे १८, बेरीज ९८. भागिले आठ, सव्वाबारा पीपीएम. मर्यादेच्या वर. खांबावरचा डिटेक्टर मात्र दिवसभर ३ दाखवेल. आणि नमुना घेणारा माणूस सकाळी दहाला आला, तासभर पंप लावला, त्या तासात योगायोगाने धागे तुटले नाहीत, तर त्याच्या रिपोर्टातही ३ येईल. कुणी खोटं बोललं नाही, तरी कामगाराला खरं कळलं नाही.

आता हीच पाळी बारा तासांची करा. तीन तास खिडकीपाशी, नऊ तास खात्यात. १२० अधिक २७, म्हणजे १४७, भागिले बारा. उत्तर पुन्हा सव्वाबारा! सरासरी हलली नाही, पण शरीरात दीडपट गेलं. शिवाय घरी जाऊन ते विष बाहेर टाकायला सोळाऐवजी बाराच तास उरले. म्हणून आठ तासांची मर्यादा बारा तासांच्या पाळीला लावायचीच नसते. जगभर वापरलं जाणारं एक साधं सूत्र आहे, त्यानुसार बारा तासांच्या पाळीला मर्यादा निम्मी होते. १० ची ५. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्यावर चर्चा झाली ती ओव्हरटाइमच्या पैशांची. विषारी वायूच्या खात्यात तास वाढले की हवेची मर्यादा खाली आली पाहिजे, ही मागणी मला कुठे ठळकपणे दिसली नाही. ती युनियनने आणि डॉक्टरांनी दोघांनीही करायला हवी.

आणि कॉलरला पंप लावायचा कुणाच्या? धागे जोडणाऱ्याच्या. चर्न साफ करणाऱ्याच्या. ही कामं बरेचदा कंत्राटी कामगार करतात, ज्यांचं नाव कंपनीच्या नाही तर ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतं. पर्मनंट ऑपरेटरच्या कॉलरवरचा आकडा त्यांना लागू होत नाही.

नाक, मास्क आणि लघवी

वासावर विसंबू नका. कारखान्यातल्या कार्बन डायसल्फाइडला कुजक्या भाजीसारखा वास येतो, नवीन आलेल्याला तो लगेच जाणवतो. पण नाक थोड्या वेळात सरावतं. ‘आम्हाला आता वास येत नाही’ याचा अर्थ हवा सुधारली असा नसतो.

कापडी मास्क, सर्जिकल मास्क, धुळीचा एन-९५, यांतलं काहीच इथे चालत नाही. ते कण अडवतात, वायू नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क लागतो. हा वायू भराभर उडणारा असल्याने कार्ट्रिज लवकर निकामी होतं, ते ठरलेल्या वेळेला बदललंच पाहिजे. चर्न किंवा टाकीच्या आत उतरायचं असेल तर कार्ट्रिजही पुरत नाही, बाहेरून हवा देणारं साधन हवं. आणि दमट खात्यात आठ तास घट्ट मास्क लावून वाकून काम करणं किती कठीण आहे हे लक्षात घेतलं तर कळेल की मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी खिडकी, आतली हवा ओढण्याची तिची ताकद, नळ्यांची डागडुजी, आणि मुळात धागे कमी तुटतील अशी यंत्राची निगा.

कातडीतूनही हे रसायन आत जातं. त्यामुळे हवेचा आकडा चांगला असला तरी ओले हात, भिजलेले मोजे हा वेगळा रस्ता उघडाच राहतो. म्हणून शरीरालाच विचारावं लागतं.

कार्बन डायसल्फाइडचा थोडा भाग शरीरात बदलून टीटीसीए नावाच्या पदार्थाच्या रूपाने लघवीत उतरतो. पाळी संपताना लघवीचा नमुना घेतात आणि एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती टीटीसीए आहे ते मोजतात. क्रिएटिनिनशी तुलना यासाठी की कमी पाणी प्यायलेल्याची लघवी दाट असते, जास्त प्यायलेल्याची पातळ. त्या फरकाने फसायला नको. अमेरिकेतल्या त्याच तज्ज्ञ संघटनेने अर्धा मिलिग्रॅम ही खूण ठरवली आहे. त्याच्या वर आकडा गेला तर त्या माणसाच्या कामाच्या जागेकडे बघायचं. ही तपासणी नाक्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत नाही, त्यासाठी एचपीएलसी नावाचं यंत्र आणि माहीतगार माणूस लागतो.

यातही गोंधळ करणाऱ्या गोष्टी आहेत. कोबी आणि मुळ्याच्या कुळातल्या भाज्या खाल्ल्या तरी टीटीसीए थोडा वाढतो. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिराम या गोळीने तर तो बराच वाढतो, कारण ती गोळी शरीरात मोडली की कार्बन डायसल्फाइडच तयार होतो. म्हणून नमुना देताना आदल्या दिवशी काय खाल्लं, कोणती औषधं चालू आहेत, हे लिहून द्यावं. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी घेतलेला नमुना काहीच सांगत नाही. तोवर शरीराने बहुतेक सगळं बाहेर टाकलेलं असतं. कामाचे काही दिवस झाल्यावर, पाळीच्या शेवटी, हीच वेळ.

टीटीसीए आजचा संपर्क सांगतो, गेल्या वीस वर्षांचं नुकसान नाही. त्यासाठी नसांची तपासणी, ईसीजी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी दरवर्षी व्हावी आणि मागच्या वर्षीच्या कागदाशी ताडून बघावी. आपल्याकडच्या वार्षिक तपासण्यांत वजन, रक्तगट, छातीचा एक्स-रे आणि ‘फिट’ असा शिक्का एवढंच होत असेल, तर ती तपासणी या विषासाठी नाहीच.

कागद मागण्याचा हक्क

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात एक नवं प्रकरण आलं. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला रसायनांची माहिती देणं, त्याच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं आणि त्या त्याला बघायला देणं, आणि जिवाला धोका दिसला तर कामगाराने तसं सांगितल्यावर मालकाने लगेच दखल घेणं, हे सगळं त्यात बंधनकारक झालं. कार्बन डायसल्फाइडची विषबाधा त्याच कायद्यात कळवायच्या आजारांच्या यादीत होती आणि त्याची जागा घेणाऱ्या संहितेतही आहे, म्हणजे डॉक्टरला तसा रुग्ण दिसला तर त्याने सरकारला कळवायचं. कर्मचारी राज्य विम्याच्या जुन्या कायद्यात, आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, या रसायनाने होणारे आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदलेले आहेत, त्यामुळे भरपाईचा दरवाजा उघडा आहे. महाराष्ट्रात तक्रार करायची ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे हवेच्या मोजमापाचे जाणकार बसतात. अहमदाबादला आयसीएमआरची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे.

युनियनने किंवा सुरक्षा समितीतल्या कामगार प्रतिनिधीने रिपोर्ट मागताना आकड्यावर थांबू नये. नमुना कुणाच्या कॉलरवर घेतला, त्या दिवशी तो कोणत्या कामावर होता, पंप किती तास चालला, त्या पाळीत किती धागे तुटले, उत्पादन नेहमीइतकं होतं का, हे विचारावं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अर्ध्या मशिनी बंद असताना घेतलेला नमुना कितीही अचूक मोजला तरी नेहमीच्या दिवसाचा नसतो.

कार्बन डायसल्फाइडशिवाय लगद्याचा धागा करता येतो. लायोसेल या पद्धतीत वेगळं द्रावक वापरतात आणि ते जवळजवळ सगळं परत मिळवून पुन्हा वापरतात. तो धागा आज बाजारात आहे. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांतही निसटणारा वायू पकडून परत वापरण्याची यंत्रणा बसवता येते, आणि खर्च केला तर चालते.

आणि जे आता कामावर नाहीत त्यांच्याबद्दल. वोनजिनच्या अनुभवावरून एवढं कळतं की नोकरी सुटली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. रेयॉनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले किंवा कारखाना बंद पडल्यावर घरी बसलेले काका, आजोबा तुमच्या घरात असतील आणि त्यांच्या पायांचा बधिरपणा, हातांचा कंप किंवा हृदयाची तक्रार चालू असेल, तर ती याचमुळे आहे असं धरून चालू नका, पण डॉक्टरांना एका कागदावर लिहून द्या: कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, मशीनवर की बाहेर, पाळी किती तासांची. जुना गेटपास, पगाराची स्लिप, ईएसआयचं कार्ड जपून ठेवलेलं असेल तर त्याची झेरॉक्स सोबत जोडा.